खेजडलीची शमी

दसऱ्यास पूजिली जाणारी शमी श्रोत्यांना परिचित आहेच. मारवाडांत तिलाच खेजडी म्हणतात. मात्र तेथें ती पूजेपुरती नव्हे, अन्नदात्री आहे. तिच्या कोंवळ्या शेंगांची, म्हणजे सांगरीची, भाजी होते. पाला उंटांना व शेळ्यांना वैरण म्हणून मिळतो. आणि मुळें इतकीं खोल जातात कीं, वरच्या पिकाचें पाणी तीं हिरावून घेत नाहींत. तिच्या छायेंत बाजरी उलट अधिकच चांगली येते.

तेथील लोकांनीं हें झाड नेमानें राखलें. पीपासर येथें १४५१ सालीं जन्मलेल्या जांभोजींनीं १४८५ सालीं बिकानेरकडील समराथळच्या वाळूच्या टेकाडावर बिश्नोई पंथ स्थापिला. पंथाचे नियम एकोणतीस. ‘बीस’ आणि ‘नौ’ यांवरूनच हें नांव पडलें असें सांगतात. हिरवें झाड तोडूं नये, हा त्यांतलाच एक. बिश्नोई आपल्या मृतांस पुरतात. चितेसाठीं लांकूड जाळावें लागूं नये, हें त्याचें एक कारण मानलें जातें. नियम किती खोल रुजला होता याची याहून बोलकी खूण कोणती?

कसोटीची वेळ १७३० सालीं आली. जोधपूरचे महाराज अभयसिंह यांच्या नव्या बांधकामासाठीं चुना भाजावयाचा होता आणि भट्टीस सरपण हवें होतें. जोधपूरपासून सुमारें २६ किलोमीटरांवरील खेजडली गांवीं भाद्रपद शुद्ध दशमीस कारभारी गिरिधर भंडारी याचीं माणसें कुऱ्हाडी घेऊन आलीं. परंपरा सांगते कीं, अमृतादेवी नांवाच्या स्त्रीनें खेजडीस मिठी मारली. लांच दिल्यास झाड वांचेल, असें तिला सुचविण्यांत आलें. तिनें तें धुडकावलें. प्रथम ती पडली, मागोमाग तिच्या तीन मुली. वार्ता पसरतांच भोंवतालच्या गांवांतून लोक येत गेले, झाडांना बिलगत गेले, आणि ३६३ जीव गेले. एका चुनभट्टीसाठीं!

महाराजांस हें कळतांच तोड थांबली. बिश्नोई गांवांत वृक्षतोड व शिकार यांस मनाई करणारी आज्ञा ताम्रपटावर दिली गेली, असें सांगतात. ती नवी नव्हतीच. लोक जवळजवळ अडीचशें वर्षें जें पाळीत आले होते, त्यावर दरबारानें शिक्का मारला इतकेंच.

पुढें काळ पालटला. देवाच्या नांवानें राखलेल्या चराऊ रानांची, म्हणजे ‘ओरणां’ची, नोंद सरकारी दप्तरांत कित्येक ठिकाणीं पडीक जमीन अशी झाली. अलीकडे सूर्यशक्तीवर वीज निर्माण करणाऱ्या प्रकल्पांसाठीं खेजड्या तुटूं लागल्या, तेव्हां बिकानेरकडील लोक पुन्हां धरणें धरून बसले. १८ डिसेंबर २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें राजस्थानांतील ओरणांची मोजणी करून त्यांस वनाचें संरक्षण द्यावें, असा आदेश दिला.

खेजडलीस आज त्या ३६३ जणांचें स्मारक आहे. दर भाद्रपद शुद्ध दशमीस तेथें जत्रा भरते.