हरणाऱ्या संघाचा माणूस

पिंपळे सौदागरमधल्या आमच्या सोसायटीत आयपीएलच्या दिवसांत पोरांच्या अंगावर दोनच रंग दिसतात. एक मुंबईचा निळा, दुसरा चेन्नईचा पिवळा. पिवळ्याचं कारण सोपं आहे. ऋतुराज गायकवाड हा शेजारच्या जुन्या सांगवीचा, थेरगावच्या वेंगसरकर अकादमीत घडलेला. पोरं मला विचारतात, "चाचा, तुमची टीम कोणती?" मी म्हणतो, "महाराष्ट्र." पोरं एकमेकांकडे बघतात. अशी टीम असते?

असते. आपल्या राज्याचे रणजी करंडकात तीन संघ आहेत. मुंबईनं हा करंडक २०२३-२४ मध्ये बेचाळिसाव्यांदा जिंकला. विदर्भानं २०१७-१८ पासून तीनदा जिंकला. उरलेल्या महाराष्ट्राचा, म्हणजे पुणे, नाशिक, कोल्हापूर, सोलापूरकडच्या पोरांचा जो संघ, तो १९४०-४१ नंतर एकदाही जिंकलेला नाही. वीस षटकांचा मुश्ताक अली करंडक २००९-१० मध्ये मिळाला, पण रणजीची तहान त्यानं भागत नाही.

सुरुवात मात्र थाटात झाली होती. १९३९-४० आणि १९४०-४१ असे लागोपाठ दोन करंडक आपण जिंकले. कर्णधार होते प्रा. दि. ब. देवधर. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्यांनी मुंबईविरुद्ध २४६ धावा केल्या होत्या. विजय हजारेंनी त्याच काळात पुण्यात नाबाद ३१६ केल्या. पुढे हजारे बडोद्याला गेले. तिथं महाराजांचा आश्रय होता, नोकरी होती. खेळावर पोट भरण्याचे ते दिवस नव्हते. त्यांना दोष कसा द्यायचा?

माझे अब्बा पुण्याच्या कॅम्पात वाढले. डिसेंबर १९४८ मध्ये ते बारा वर्षांचे होते. घराजवळच पूना क्लबच्या मैदानावर भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध खेळत होते. नाबाद ४४३! ब्रॅडमनचा ४५२ चा जागतिक विक्रम नऊ धावांवर आला होता. काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, विश्रांतीनंतर पुढे खेळायला तयार झाले नाहीत. त्यांनी सामना सोडून दिला. आपण जिंकलो आणि विक्रम हुकला. अब्बा म्हणायचे, "बेटा, जिंकून हरलेला सामना मी कुंपणावरून पाहिलाय." भाऊसाहेबांना अधिकृत कसोटी एकही खेळायला मिळाली नाही. प्रथम श्रेणीत कुणा भारतीयानं त्यांच्यापेक्षा मोठी खेळी मात्र अजून केलेली नाही.

त्याच हंगामात, मार्च १९४९ मध्ये, पुण्यातच मुंबईशी उपांत्य सामना झाला. चौथ्या डावात आपल्याला ९५९ धावा हव्या होत्या. आपण ६०४ केल्या आणि ३५४ धावांनी हरलो. सहाशे धावा करूनही साडेतीनशेनं हरण्याचं भाग्य किती संघांना लाभतं?

हरण्याचं एक कारण नकाशातच होतं. सामने विभागवार होत. पश्चिम विभागातून पुढे जायचं तर आधी मुंबईला मागं टाकायचं, आणि मुंबई १९५८-५९ पासून सलग पंधरा वर्षं विजेती! १९७०-७१ मध्ये नियम बदलला, विभागातले पहिले दोन संघ पुढे जाऊ लागले. त्याच वर्षी आपण अंतिम फेरीत पोचलो. समोर पुन्हा मुंबईच. तिचे वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर वेस्ट इंडीजला गेलेले. तरीही सुधीर नाईकांच्या त्या उरलेल्या मुंबईनं आपल्याला ४८ धावांनी हरवलं. नंतर १९९२-९३ चा अंतिम सामना पंजाबनं जिंकला.

माझं नाव ऐकून भारत-पाकिस्तान सामन्याच्या दिवशी काही जण हसत हसत विचारतात, "तुम्ही कुणाकडून?" अब्बांनाही कारखान्यात हा प्रश्न कुणीतरी विचारायचंच. त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "मी महाराष्ट्राकडून. आयुष्यभर त्यांच्याबरोबर हरलोय. आणखी कोणता दाखला आणू?" विचारणारा गप्प व्हायचा, नाहीतर चहा सांगायचा. लहानपणी मला यात फक्त विनोद दिसायचा. आता वाटतं, जिंकणाऱ्याच्या मिरवणुकीत कुणीही नाचतं. हरल्यावर ज्याच्या घरात जेवण गोड लागत नाही, तो त्या घरचा माणूस.

जानेवारी २०१४ मध्ये महाराष्ट्रानं गतविजेत्या मुंबईला वानखेडेवर आठ गडी राखून हरवलं, तेव्हा अब्बा अंथरुणावर होते. मी केदार जाधवच्या शतकाची बातमी वाचून दाखवली. त्यांनी ती पुन्हा वाचायला लावली. मग हैदराबादला अंतिम सामन्यात कर्नाटकानं आपल्याला सात गडी राखून हरवलं. ते मी हळू आवाजात सांगितलं. अब्बा म्हणाले, "फायनलला तर गेलो ना!" तो त्यांचा शेवटचा हंगाम.

डिसेंबर २०२२ मध्ये विजय हजारे करंडकाच्या अंतिम सामन्यात ऋतुराजनं शतक काढलं. तो सामना सौराष्ट्रानं पाच गडी राखून जिंकला. पिवळ्या शर्टातल्या एका पोरानं त्या रात्री मला जिन्यात गाठलं. "चाचा, शतक मारूनही हरतात?" मी त्याला निंबाळकरांची गोष्ट सांगितली. आता थंडीत रणजीचा सामना असला की आम्ही दोघं गहुंज्याला जातो.

तुम्हीही या. बसायला जागा भरपूर असते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)