कोई माशाच्या मिशा

कोई माशाच्या मिशा : कोई या शोभेच्या माशाच्या वरच्या ओठाला आणि तोंडाच्या कोपऱ्यांना फुटलेले चार मऊ, मांसल धागे. त्यांच्या जोड्या दोन. आखूड जोडी वरच्या ओठावर असते आणि लांब, चटकन नजरेत भरणारी जोडी जबड्याच्या दोन कोपऱ्यांत. मिशा हे नाव केवळ दिसण्यावरून पडले आहे. हे केस नव्हेत. काम पाहून नाव द्यायचे तर त्यांना जीभ म्हणणे अधिक बरोबर ठरेल, कारण या धाग्यांनी मासा चव घेतो.

प्राणिशास्त्रात या अवयवाला बार्बेल म्हणतात. हा शब्द दाढी या अर्थाच्या ‘बार्बा’ या लॅटिन शब्दावरून आला. मराठी माणसाला जिथे मिशी दिसली तिथे युरोपीय माणसाला दाढी दिसली. जपानी भाषेने हा वाद ठेवलाच नाही. तिथे दाढी, मिशी आणि माशाचे हे धागे या सगळ्यांना ‘हिगे’ हा एकच शब्द चालतो. ‘कोई’ हाही जपानी शब्द असून त्याचा अर्थ नुसता कार्प मासा असा होतो. रंगीत कोईचे पूर्ण नाव ‘निशिकीगोई’, म्हणजे जरीकाम केलेल्या वस्त्रासारखा कार्प. बंगालमध्ये आवडीने खाल्ला जाणारा ‘कोई’ हा मात्र वेगळाच मासा आहे. तो पाण्याबाहेर सरपटणारा ॲनाबास होय आणि त्याला मिशा नसतात.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जपानच्या निगाता प्रांतातील यामाकोशी आणि ओजिया परिसरातील डोंगरी गावांत शेतकरी भातखाचरांच्या तळ्यांत कार्प पाळत. हिवाळ्यात बर्फाने वाटा बंद झाल्या की तेच मासे खाण्यात येत. त्यांत अधूनमधून लाल, पांढरे ठिपके असलेले पिल्लू निपजे. असे मासे न खाता राखून ठेवण्याची हौस वाढत गेली आणि त्यातून आजचा कोई घडला. १९१४ साली टोकियोच्या प्रदर्शनात तो मांडला गेला आणि डोंगरातला हा छंद देशभर पोचला. शास्त्रीय वर्गीकरणात कोई बहुधा ‘सायप्रिनस रुब्रोफस्कस’ या जातीत धरतात. ‘सायप्रिनस कार्पिओ’ या साध्या कार्पचाच तो एक प्रकार मानणारेही आहेत. मिशांच्या दृष्टीने दोन्ही सारखेच, दोघांनाही चार.

मांजराच्या मिशीशी तुलना केली तर रचनेतला फरक लगेच ध्यानात येतो. मांजराची मिशी म्हणजे निर्जीव केस, जाणीव काय ती त्याच्या मुळाशी. कोईची मिशी टोकापर्यंत जिवंत असते. बाहेर त्वचा, आत रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंचा गाभा, आणि त्वचेत जागोजागी रुजलेल्या रुचिकलिका, म्हणजे आपल्या जिभेवर असतात तसेच चव ओळखणाऱ्या पेशींचे सूक्ष्म झुबके. चवीची खबर मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या सातव्या जोडीमार्फत जाते, स्पर्शाची पाचव्या जोडीमार्फत. एकाच धाग्यातून दोन तारा निघतात असे म्हणायला हरकत नाही: काय लागले हे एक सांगते, कसे लागते हे दुसरी.

चव समजायला पदार्थ तोंडात जावा लागतो हा आपला, सस्तन प्राण्यांचा, समज आहे. पाण्यात राहणाऱ्याला तशी अट नाही. आपल्या तोंडात पदार्थ लाळेत विरघळतो तेव्हा चव कळते. माशाच्या भोवती तर सगळीकडेच पाणी असते आणि चवीचे रेणू त्यात आधीच विरघळलेले असतात. म्हणून जीभ तोंडाबाहेर काढून ठेवणे त्याला परवडते. कार्पची चवसंवेदना विशेषतः प्रोलिन, ॲलनिन यांसारख्या अमिनो आम्लांना जागी होते. किडे, अळ्या, गोगलगायी, गांडुळे यांच्या अंगातून पाण्यात झिरपणारी हीच द्रव्ये.

तळाशी चरणारा कोई पाहायला मिळाला तर मिशांचे काम उघड्या डोळ्यांनी दिसते. मासा डोके खाली करून तिरका होतो आणि तळावरून सावकाश सरकतो. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे स्वतःच्या तोंडाखाली काय आहे हे त्याला दिसत नाही. गढूळ पाण्यात किंवा रात्री तर डोळ्यांचा उपयोग आणखीच कमी. लांबवरून वासाने दिशा लागते, पण नेमकी जागा वासाने सापडत नाही. ते शेवटचे बोटभर अंतर मिशा भरून काढतात. काही लागले की वरचा जबडा नळीसारखा पुढे येतो आणि मासा गाळासकट घास ओढून घेतो. तोंड पुढे आले की मिशाही पुढे झुकतात आणि पुन्हा तळाला टेकतात.

पुढचे काम तोंडाच्या आत चालते, आणि मिशांविषयीच्या लेखांत ते सहसा गाळले जाते. कार्पच्या टाळूवर एक जाड, स्नायूंनी भरलेली गादी असते. तीत रुचिकलिका दाटीने बसवलेल्या असतात. घास आत आला की ही गादी जागोजागी फुगते आणि अळी किंवा दाणा खालच्या बाजूशी दाबून धरते. सुटी राहिलेली माती पाण्याबरोबर कल्ल्यांवाटे बाहेर पडते आणि खडा तोंडावाटे थुंकला जातो. बायका सुपात धान्य पाखडतात तसेच हे, फक्त सूप तोंडात आहे आणि वाऱ्याऐवजी पाणी. जे उरते ते घशातल्या दाढांनी दळले जाते. कार्पच्या जबड्यात दात नसतात आणि पोटात जठरही नसते, त्यामुळे दळणे होईल तेवढे घशातच उरकावे लागते.

या दोन टप्प्यांची वाटणी मेंदूतही दिसते. मिशा, ओठ आणि बाहेरच्या त्वचेची चव मेंदूच्या एका भागात पोचते, तर टाळू आणि घशाची चव मुख्यतः दहाव्या जोडीवाटे दुसऱ्या भागात. कार्पच्या मेंदूत हा दुसरा भाग, ज्याला व्हेगल खंड म्हणतात, डोळ्यांत भरण्याइतका फुगलेला असतो. उचलायचे की नाही हा निवाडा बाहेरच्या चवीवर होतो, गिळायचे की नाही हा आतल्या. मिशा हे पहिले न्यायालय, टाळू हे अपिलाचे.

शरीरशास्त्राला या सगळ्याचा पत्ता उलट्या क्रमाने लागला. टाळूच्या गादीचे वर्णन जर्मन शरीरशास्त्रज्ञ एर्न्स्ट हाइनरिख वेबर याने १८२७ मध्येच केले होते. फ्रान्झ लायडिग याने १८५१ मध्ये माशांच्या त्वचेत पेल्यांच्या आकाराचे सूक्ष्म अवयव पाहिले. ते रुचिकलिकाच होते. सस्तन प्राण्यांच्या जिभेवरच्या रुचिकलिका त्यानंतर, १८६७ मध्ये, वर्णिल्या गेल्या. म्हणजे रुचिकलिका माणसाच्या जिभेआधी माशाच्या कातडीवर सापडली. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत सी. जडसन हेरिक याने मिशाळ कॅटफिशवर प्रयोग करून मिशीला मांसाचा स्पर्श होताच मासा वळून ते पकडतो हे दाखवले. कॅटफिश या बाबतीत कार्पच्याही पुढे गेला आहे. यलो बुलहेड या अमेरिकी जातीच्या एका माशाच्या अंगावर १,७५,०००हून अधिक रुचिकलिका मोजल्या गेल्या आहेत. माणसाकडे त्या काही हजारच असतात. अख्खा मासाच जीभ झाला म्हणायचा.

मिशा ही माशांच्या एकाच घराण्याची मिरास नाही. कॅटफिश, स्टर्जन, कॉड, लाल मुलेट अशा दूरदूरच्या गटांत त्या स्वतंत्रपणे उपजल्या आहेत. कॉडला हनुवटीवर एकच असते. कॅटफिश आपल्या लांब मिशा स्नायूंनी फिरवू शकतो, तर कोईच्या मिशांची हालचाल बरीचशी तोंडाच्या हालचालीबरोबर होते. या सर्व माशांत समान काय, तर तळाशी किंवा अंधुक पाण्यात अन्न शोधण्याची सवय.

महाराष्ट्रातील शेततळी आणि धरणांच्या मत्स्यपालनात ही गोष्ट एकाच जाळ्यात पाहायला मिळते. कोईचा सख्खा भाऊ असलेला साधा कार्प आपल्याकडे ‘सायप्रिनस’ या शास्त्रीय नावानेच ओळखला जातो. कटला, रोहू, मृगळ, चंदेरा, गवत्या आणि सायप्रिनस एकाच तळ्यात सोडतात, कारण त्यांच्या चरण्याच्या पातळ्या वेगळ्या. वरच्या थरातल्या कटल्याला मिशा नाहीत. मधल्या थरातल्या रोहूला बारीकशी एक जोडी असते, तीही ओठाच्या कडेच्या खाचेत दडलेली. तळाशी चरणाऱ्या मृगळाला आखूड एक जोडी असते आणि चिखलात तोंड खुपसणाऱ्या सायप्रिनसला ठसठशीत दोन. हा नियम मात्र ताणू नये. दख्खनच्या नद्यांतला खडस हा वाहत्या, स्वच्छ पाण्याचा मासा, पण त्यालाही कोईसारख्याच चार मिशा आहेत. कर्नल साइक्स याने १८३९ मध्ये या माशाला शास्त्रीय नाव दिले तेव्हा ‘बार्बस’ या प्रजातीत, म्हणजे दाढीवाल्यांतच, त्याची नोंद केली. महाडजवळच्या वाळण कोंडीत देवाचे म्हणून राखलेले मासे याच कुळीचे.

घरगुती टाकीत कोईची गल्लत होते ती गोल्डफिशशी. दोन्ही केशरी, दोन्ही कार्प कुळातले, आणि दुकानात लहानपणी दोन्ही सारखेच दिसतात. ओळखायची खात्रीची खूण मिशांची: कोईला असतात, गोल्डफिशला अजिबात नसतात. अगदी कोवळ्या पिल्लांत ही खूण चालत नाही, कारण अंड्यातून बाहेर आलेल्या कोईला मिशा नसतात, त्या वाढीबरोबर फुटतात. दोघांच्या संकरातून झालेल्या पिल्लांना बहुधा खुरट्या मिशा येतात. मिशांच्या लांबीवरून माशाचे वय किंवा नर-मादी ओळखता येते हा समज चुकीचा आहे. नराची खूण विणीच्या काळात कल्ल्यांच्या झाकणावर आणि पुढच्या परांवर उठणाऱ्या खरखरीत पुरळात असते.

मिशी तुटली तर पुन्हा वाढते का? कोईच्या नात्यातील झेब्रा माशावर याचा नीट अभ्यास झाला आहे. त्याची कापलेली मिशी मज्जातंतू आणि रुचिकलिकांसह पुन्हा येते, पण मूळच्या लांबीला सहसा पोचत नाही. हौदाच्या तळाला धारदार खडी नसावी, गोल गुळगुळीत गोटे असावेत, हा जाणत्यांचा सल्ला यासाठीच. त्याहून मोठा धोका डोळ्यांना दिसत नाही. कपडे-भांडी धुण्याच्या डिटर्जंटमुळे मिशांवरच्या रुचिकलिका झिजतात आणि अन्न शोधण्याची क्षमता मंदावते हे १९६५ मध्ये कॅटफिशवरील प्रयोगांत दिसून आले. साबणाच्या पाण्याने हौद घासून तो नीट न खंगाळणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

मिशांनी जमिनीशी जोडलेली ही चरण्याची रीत परक्या पाण्यात उपद्रवी ठरते. कार्प तळ उकरतो, पाणवनस्पती उपटतो आणि पाणी गढूळ करतो. गढूळ पाण्यात डोळ्यांनी शिकार करणारे मासे मागे पडतात, त्याचे स्वतःचे मात्र काही अडत नाही. ऑस्ट्रेलियातील मरे-डार्लिंग नदीखोऱ्यात असे मोठ्या प्रमाणावर झाले आहे. जगातील सर्वांत घातक १०० परक्या जीवांच्या यादीत साध्या कार्पचे नाव आहे. भारतात तो १९३९ मध्ये श्रीलंकेतून निलगिरीत आणला गेला आणि १९५७ मध्ये बँकॉकहून त्याचा दुसरा वाण आला. बागेतला कोई नकोसा झाला म्हणून नदीत सोडणे हा भूतदयेचा प्रकार नव्हे.

चिनी दंतकथेत पिवळ्या नदीवरचा ‘ड्रॅगनचा दरवाजा’ उडी मारून ओलांडणारा कार्प ड्रॅगन होतो. चिनी-जपानी चित्रांतल्या ड्रॅगनच्या तोंडाशी दोन लांब, वळणदार मिशा असतात आणि अंगावर परंपरेने कार्पचेच खवले मानले जातात. त्यामुळे कथेतल्या माशाला रूप बदलताना चेहऱ्यात फारशी भर घालावी लागत नाही.

जपानी स्पर्धांत कोईची पारख निळ्या टबात, वरून पाहून होते. वाण निवडले गेले ते पाठीवरच्या रंगासाठी आणि मिशा राहिल्या खाली, पारख्यांच्या नजरेआड. दोनशे वर्षांच्या निवडीने अंग बदलले, तोंड रानटी कार्पचेच राहिले. हौदातल्या कोईला आता पाण्यावर तरंगणाऱ्या गोळ्या मिळतात. त्या खायला तळ चाचपावा लागत नाही. तरीही पोट भरल्यावर तो पुन्हा खाली जातो आणि स्वच्छ सिमेंटवरून मिशा फिरवत राहतो. हातावर खायला शिकलेल्या कोईपुढे नुसते रिकामे बोट धरले तर तो आधी मिशांनी चाचपतो, मग कधी ओठांत ओढतो, क्षणभर टाळूला लावतो आणि थुंकून टाकतो.