वर्धा जिल्हा बँक आणि शासकीय साहाय्य

१९५१-५२ च्या ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्यांच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा अवघा ३ टक्क्यांच्या आसपास आढळला. मुख्य आधार सावकाराचाच होता. या स्थितीवरील उपाय म्हणून जिल्हा बँकांस शासकीय भांडवलाचे पाठबळ मिळत गेले. त्याच बँका पुढे संकटात आल्या. २०१४ मध्ये केंद्राने परवाना नसलेल्या २३ बँकांसाठी सुमारे २,३७५ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तींत नागपूर, वर्धा व बुलढाणा येथील बँका होत्या.

हे साहाय्य हितकर काय? त्या वेळी ठेवविम्याचे संरक्षण १ लाख रुपयांपुरते होते. बँक बुडती, तर बोरगाव मेघेसारख्या गावातील मोठ्या ठेवीचा मालक अपराधावाचून दंडित झाला असता, आणि पीककर्जाची साखळी तुटून शेतकरी पुनश्च सावकाराच्या दारी गेला असता. परंतु या साहाय्याचा भार वाहणारा करदाताही निरपराधच होय. म्हणून ठेवीदाराचे रक्षण न्याय्य ठरते; संचालकांचे व समर्थ थकबाकीदारांचे नव्हे. हा भेद न पाळणारे साहाय्य पुढील संकटाचे बीज ठरते.