लाइव्ह कोडिंग
* श्रोत्यांसमोर संगणकाचा प्रोग्रॅम लिहीत, तो चालू असतानाच बदलत केलेले वादन. २००४ मध्ये हॅम्बुर्गला स्थापन झालेल्या 'टॉपलॅप' या गटाचा आग्रह असा, की वादकाचा स्क्रीन सर्वांना दिसलाच पाहिजे. ॲलेक्स मॅक्लीन यांच्या 'टायडल' या प्रणालीमध्ये ड्रमचे दोन ठोके एका ओळीत लिहिले, की ते आवर्तनासारखे फिरत राहतात. त्या ठोक्यांच्या आधी 'फास्ट २' घालून ओळ पुन्हा चालवली, की न थांबता दुगुन सुरू! तबल्याशी असलेले हे साम्य योगायोगाचे नाही. तबल्याच्या कायद्यांच्या अभ्यासासाठी १९८०च्या दशकात बर्नार्ड बेल यांनी घडवलेल्या 'बोल प्रोसेसर'चे ऋण मॅक्लीन मानतात. संगणक एकटाच गातो, असा समज वाचकाने करून घेऊ नये. काय वाजवायचे नि केव्हा बदलायचे, हे वादकच ठरवतो. – संपादक