विश्लेषणाचा कॅम्प नंबर

उल्हासनगरात पत्ता सांगताना आजही कॅम्प नंबर सांगावा लागतो. फाळणीनंतर सिंधी निर्वासित इथल्या लष्करी कल्याण कॅम्पात आले. १९४९ साली गावाला नवं नाव मिळालं, कॅम्पांचे आकडे मात्र राहिले. बायोइन्फॉर्मॅटिक्समधल्या विश्लेषणालाही असाच नेमका पत्ता लागतो: कोणतं सॉफ्टवेअर, कोणती आवृत्ती.

दोन सॉफ्टवेअरना पायथनच्या एकाच लायब्ररीच्या वेगवेगळ्या आवृत्त्या लागल्या, की एक बसवताना दुसरं बंद पडायचं. २००७ साली आलेल्या व्हर्च्युअलएन्व्हने प्रत्येकाला वेगळं फोल्डर दिलं. एकाची आवृत्ती दुसऱ्याच्या आड येईना. पण ही सोय पायथनपुरती होती. जीवशास्त्रातली कित्येक सॉफ्टवेअर सी, पर्ल, आर या भाषांत लिहिलेली. ती अडचण २०१२च्या कोंडाने सोडवली. त्यावर २०१५मध्ये बायोकोंडा उभं राहिलं आणि २०१८पर्यंत त्यात ३०००हून अधिक पॅकेजेस जमली. सामायिक सर्व्हरवरही ती ॲडमिनच्या पासवर्डशिवाय बसवता येतात.

सूक्ष्मजीवांच्या अभ्यासातलं क्वाइम १ पायथन २.७वर चालायचं. २०१८च्या सुरुवातीला त्याची देखभाल थांबली. २०२०मध्ये पायथन २चीही. त्या काळातला निष्कर्ष आज पडताळायचा, तर तेच जुनं एन्व्हायर्नमेंट पुन्हा उभारावं लागतं. आवृत्त्यांची यादी जपलेली असेल, तरच ते जमतं. नाहीतर निष्कर्ष बरोबर असूनही त्याच्या पत्त्यावर पोहोचता येत नाही.