तारेच्या कुंपणाआड
आमच्या सोलापुरात सेटलमेंटला, म्हणजे ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना ठेवायच्या वसाहतीला, काटेरी तारेचं कुंपण होतं. आत पारधी, कैकाडी, टकारी कुटुंबं. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ नंतर तो मुंबई इलाख्यातही आला. चोरी शाबीत व्हायची गरजच नव्हती, त्या जातीत जन्मलात एवढं पुरे. हजेरी द्यायची, बाहेर पडायचं तर पास दाखवायचा. आतली माणसं गिरणीत राबत, आणि तरी चोरच ठरत! दुष्टपणा म्हटलं की लोकांना सुरा घेतलेला दरोडेखोर आठवतो. मला आठवतो हजेरीबुकात नावं टिपणारा, घरी मुलांवर माया करणारा कारकून. कायदा १९५२ मध्ये गेला. पण गावात चोरी झाली की पोलीस अजूनही आधी पारध्यांच्या पालावर जातात.