चालते दफ्तर आणि एक बेरीज

लक्ष्मीपूजनाला व्यापारी वहीची पूजा करतो, असे आपण एकवचनात म्हणतो. पण पाटावर वह्या किमान दोन असतात. रोजकीर्दीत दिवसाचा व्यवहार घडला त्या क्रमाने उतरतो. खतावणीत तोच व्यवहार खातेवार पुन्हा मांडला जातो. एकच रक्कम दोनदा लिहिण्याचा हा उपद्व्याप शेकडो वर्षे टिकला, कारण धंद्याला दोन निराळे प्रश्न पडतात: आज काय झाले, आणि एकंदरीत काय चालले आहे? पहिल्या प्रश्नाला सोयीची वही दुसऱ्याला गैरसोयीची ठरते. संगणकाच्या जगात गेली चाळीस-एक वर्षे चाललेला एक वाद नेमका याच दोन वह्यांचा आहे.

त्या वादाकडे जाण्याआधी पुण्यात थोडे थांबू. पेशव्यांच्या हुजूर दफ्तराची रचना सुरेंद्रनाथ सेन यांनी मराठ्यांच्या प्रशासनावरील आपल्या ग्रंथात नोंदवली आहे. तिचे दोन मोठे भाग होते. ‘चालते दफ्तर’ फडणिसांच्या देखरेखीखाली असे. सनदा, हुकूम, रोजचे हिशेब तेथून हलत आणि रोजकीर्द तेथे लिहिली जाई. दुसरे ‘एक बेरीज दफ्तर’. तिकडे निरनिराळ्या खात्यांचे हिशेब येत. त्यांचे वर्गीकरण होऊन वर्षाची जमा, खर्च आणि शिल्लक यांचे गोषवारे तयार होत. तातडीच्या कामाला लागणारे हे कागद नव्हेत, म्हणून एक बेरीज दफ्तर पुण्यातच राही. राज्य चालवणारे आणि राज्य समजून घेणारे कागद वेगळे ठेवावेत, हे त्या कारभाऱ्यांना अनुभवाने कळले होते. आजच्या संगणकतज्ज्ञांनी ते दफ्तर पाहून काही उचलले, असे नव्हे. अडचण तीच होती, म्हणून वाटही तीच सापडली.

संगणकात पहिला मान चालत्या दफ्तराला मिळाला. अमेरिकन एअरलाइन्स आणि आयबीएम यांनी उभारलेली ‘सेबर’ ही विमान-आरक्षणाची यंत्रणा १९६४ मध्ये पूर्ण झाली. तिच्यापुढचा प्रश्न साधा आणि निकडीचा होता: एकच आसन दोघांना विकले जाऊ नये. १९७० मध्ये आयबीएमच्याच एडगर कॉड यांनी माहिती तक्त्यांच्या रूपात मांडण्याचे गणिती प्रारूप दिले. पुढे जिम ग्रे आदींनी ‘व्यवहार’ या कल्पनेला काटेकोर रूप दिले: व्यवहार एकतर पूर्ण होईल, नाहीतर झालाच नाही असे मानले जाईल, मधली अवस्था नाही. बँकेतून पैसे एका खात्यातून निघाले आणि दुसऱ्यात पोचलेच नाहीत, असे सहसा होत नाही, ते या शिस्तीमुळे.

मग मालकांनी बेरजा मागायला सुरुवात केली आणि गाडे अडले. ही अडचण आकड्यांत पाहू. समजा विक्रीच्या तक्त्यात एक कोटी ओळी आहेत, प्रत्येक ओळीत ५० रकाने आणि प्रत्येक रकाना आठ बाइटचा. व्यवहारासाठी बांधलेला डेटाबेस एका ओळीचे सगळे रकाने शेजारी-शेजारी ठेवतो, कारण ग्राहकाला आपली पूर्ण पावती हवी असते. पण फक्त ‘रक्कम’ या रकान्याची बेरीज करायची झाली, तरी त्याला जवळजवळ चार अब्ज बाइट चाळावे लागतात. तीच माहिती रकानेवार ठेवली असती, तर आठ कोटी बाइटमध्ये काम भागले असते. फरक पन्नासपट. शिवाय ही चाळणी चालू असताना काउंटरवरचा माणूस खोळंबतो, तो वेगळाच.

तेव्हा दफ्तरे वेगळी झाली. बॅरी डेव्हलिन आणि पॉल मर्फी यांनी १९८८ मध्ये आयबीएमच्या नियतकालिकात व्यवसायासाठी स्वतंत्र ‘डेटा वेअरहाउस’ची मांडणी केली, १९९२ मध्ये बिल इनमन यांच्या पुस्तकाने ती कल्पना रूढ केली. १९९३ मध्ये कॉड यांनीच विश्लेषणाच्या कामाला ‘ओएलएपी’ हे नाव दिले. तो निबंध अशी साधने विकणाऱ्या एका कंपनीने लिहवून घेतला होता, यावरून टीकाही झाली. नाव मात्र टिकले. २००५ मध्ये मायकेल स्टोनब्रेकर यांनी जाहीर केले की एकच डेटाबेस सर्व कामांना पुरण्याचे दिवस संपले. त्याच वर्षी त्यांच्या गटाने रकानेवार मांडणीचा ‘सी-स्टोअर’ पुढे आणला.

फारकतीची किंमत होती ती वेळेची. रात्री चालत्या दफ्तरातून माल उचलायचा, निवडायचा, कोठारात भरायचा. म्हणजे सकाळी हाती येणारी बेरीज कालची. महिन्याच्या अहवालाला ते चालते, पण चोरलेल्या कार्डावर या क्षणी होणारी खरेदी कालच्या बेरजेतून सापडत नाही.

म्हणून उलटा प्रवाह सुरू झाला. २००९ मध्ये सॅप कंपनीचे सहसंस्थापक हासो प्लाट्नर यांनी दोन्ही कामांसाठी एकच, स्मृतीतच राहणारा रकानेवार डेटाबेस असावा, असे प्रतिपादन केले. २०११ मध्ये म्युनिकच्या अल्फोन्स केम्पर आणि थॉमस नॉयमन यांनी ‘हायपर’मध्ये मोठी चतुराई दाखवली. विश्लेषणासाठी स्मृतीचे एक चित्र गोठवायचे, पण खरी प्रत काढायची नाही. व्यवहाराने एखादे पान बदलले, तरच त्या पानाची वेगळी प्रत होते. २०१४ मध्ये गार्टनर या संस्थेने या संकराला ‘एचटॅप’ असे नाव दिले.

तरीही आजच्या अनेक अॅपच्या पोटात दोनच दफ्तरे नांदतात: व्यवहाराला पोस्टग्रेस, बेरजेला २०१६ मध्ये मुक्त झालेल्या क्लिकहाउससारखा रकानेवार डेटाबेस. त्यांना जोडते ती बदलांची नोंदवही. पोस्टग्रेस कोणताही बदल मूळ पानांवर पक्का करण्याआधी या वहीत क्रमाने लिहून ठेवतो; तीच वही वाचत वाचत दुसरा डेटाबेस काही क्षणांच्या अंतराने मागे येतो. म्हणजे सांध्यावर पुन्हा रोजकीर्दच बसली आहे! या अंतराचे भान मात्र ठेवावे लागते. खात्यात पैसे आहेत का, शेवटचा नग शिल्लक आहे का, हे चालत्या दफ्तरालाच विचारायचे. बेरीज बिघडली तर रोजकीर्दीवरून पुन्हा करता येते. बेरजेवरून रोजकीर्द उभी करता येत नाही.

याची कडवट साक्ष पुन्हा पुण्यातच मिळते. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात महसूल मक्त्याने दिला जाऊ लागला. एकरकमी पैसा हाती येत असल्यावर तपशिलाची गरज कोणाला? दफ्तराची आबाळ झाली आणि लोकांनी कागद घरी नेले तरी कोणी अडवले नाही. पुढे इंग्रजी अमलात १८५२ च्या इनाम कमिशनने इनामांचे दावे तपासायला घेतले, तेव्हा याच दफ्तरातील नोंदींशी ते ताडले गेले. कोणाचे वतन राहणार आणि कोणाचे जाणार, हे कधीकाळी एखाद्या कारकुनाने लिहिलेल्या ओळीवर येऊन ठेपले.

बेरीज राज्यकर्त्याला लागते. आपल्या नावाची ओळ मात्र ज्याची त्याला लागते. यंत्रे एक होवोत की दोन राहोत, ती ओळ शाबूत राहिली पाहिजे.